जुन्या फायलीतला माणूस

कल्याण-डोंबिवलीहून लोकलने मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्यांपैकी ज्यांनी आज पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांना १९६८ चा ऑगस्ट महिना नक्की आठवत असेल. दिवेलागणीनंतर उपनगरांतले रस्ते ओस पडत. झोपड्यांत, उघड्यावर झोपलेल्या गोरगरिबांच्या डोक्यात कोणीतरी जड हत्यार घालून त्यांना मारत होते. चोरी म्हणावी तर या माणसांपाशी चोरण्यासारखे होते तरी काय?

गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी हा तपास हाती घेतला. कर्नाटकच्या किनारपट्टीवरच्या आवर्से गावचा हा माणूस. पुढे भारताचा शेरलॉक होम्स म्हणून त्यांचा लौकिक झाला. ही उपाधी मला मात्र थोडी फसवी वाटते. होम्सला खोलीत बसून उलगडा होतो. कुलकर्णींचा भरवसा होता तो हवालदाराच्या पायपिटीवर आणि दप्तरातल्या कागदांवर.

कारण हे सारे एकदा घडून गेले होते. १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत, म्हणजे आपल्याच मध्य रेल्वेच्या, जुन्या जीआयपीच्या रुळांलगत असेच हल्ले झाले होते. १९ जण जखमी झाले, त्यांतले ९ दगावले. त्या वेळी त्या भागात घुटमळणाऱ्या एका बेघर माणसाला पोलिसांनी पकडलेही होते. दरोड्याच्या गुन्ह्यात पाच वर्षांचा तुरुंगवास भोगलेला हा माणूस. पण पुरावा मिळेना, म्हणून त्याला सोडून द्यावे लागले. ते हल्ले कोणी केले, हा प्रश्न तसाच राहिला.

कुलकर्णींनी मोठी शोधमोहीम उभारली. हल्लेखोराला पाहिलेल्यांनी केलेले वर्णन पोलिसांजवळ होते. २७ ऑगस्टला अ‍ॅलेक्स फियालो या फौजदाराने त्यावरून एका वाटसरूला हटकले. त्याने नाव सांगितले सिंधी दलवाई. झडतीत चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड असला किरकोळ ऐवज निघाला. कपड्यांवर मात्र रक्ताचे डाग होते. बोटांचे ठसे दप्तराशी ताडले आणि खरे नाव पुढे आले : रामन राघव. दोन वर्षांपूर्वी सोडून दिलेला तोच!

पण तो बोलेल तर ना! दिवस गेले, तोंडातून शब्द नाही. अखेर कोणीतरी त्याला काय हवे ते विचारले. त्याला हवी होती कोंबडी. ती पोटभर खाल्ली, मग केसांना तेल, कंगवा आणि आरसा मागितला. सगळे मिळाल्यावर तो बोलू लागला आणि हत्यारे लपवलेल्या जागी पोलिसांना घेऊन गेला. कबुलीजबाबात १९६६ चे २३ खून आले, १९६८ चे डझनभर आले. ऐकणाऱ्यांना पहिल्या अटकेची आठवण किती टोचली असेल!

खटला उभा राहिला तो मालाडच्या चिंचवलीतील दोघांच्या खुनाचा. सत्र न्यायालयाने फाशी दिली. त्याने अपील करायचे नाकारले. उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करवली, त्यांनी त्याला गंभीर मनोविकार असल्याचा निर्वाळा दिला आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मेला.

कुलकर्णींपुढे असा गुंता पुन्हा आला, परभणी जिल्ह्यातल्या मानवतला. १९७२ ते १९७४ या काळात तिथे बायका आणि कोवळ्या मुलींचे एकामागून एक खून पडत होते. या सुट्या खुनांना जोडणारा धागा निघाला गुप्तधनाच्या हव्यासाचा आणि नरबळीचा. कोर्टात काहींना फाशी झाली, काही सुटले.

महासंचालकपदापर्यंत पोहोचून कुलकर्णी निवृत्त झाले आणि आपले तपास त्यांनी इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहून ठेवले. २००५ मध्ये ते गेले. २०२४ मध्ये मानवतच्या तपासावर मालिका आली, तेव्हा त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली. रुळांकडेच्या झोपड्यांत गेलेल्या त्या ९ जणांची नावे मात्र आज कोणाच्या ओठी नाहीत.