गुरू नवा, भजन जुनेच

कारंज्यात ज्याचे बालपण गेले, त्याला गुरू म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. नृसिंह सरस्वतींचे हे जन्मगाव. गुरुमंदिरातली आरती ऐकतच आम्ही वाढलो. म्हणूनच की काय, ख्रिस्ताला गुरू मानणारे कवी ना. वा. टिळक मला कधी परके वाटले नाहीत.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घर मोडले. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. ही ताटातूट काही वर्षे चालली. देव जोडताना घरची माणसे अशी तुटावीत, हे मला आजही पटत नाही.

तुकोबांना मात्र टिळकांनी अंतर दिले नाही. विलायती चालींवरची भाषांतरित गीते रविवारी चर्चमध्ये म्हणायची आणि तिथेच ठेवून यायची. चूल फुंकताना ती ओठांवर कशी यावीत? टिळकांनी अभंग रचले, कीर्तने केली. देवाशी बोलणे घरच्या भाषेत सुरू झाले ते असे. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात.

लक्ष्मीबाईंनीही १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावरच. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती.

९ मे १९१९ रोजी ते गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.