गणितानंद कापरेकर गुरुजी

गणिताच्या तासाला मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारे मूल आम्हां सर्वांच्या परिचयाचे आहे. सोलापुरातील कित्येक घरांत वडील चादरीच्या मागावर राबतात, आई हजारी विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेते. मोजणी त्या घरांत दररोज चालते. तरीही त्याच घरातले मूल फळ्यावरील उदाहरणापुढे भांबावते. अशा मुलांचा विचार करताना आम्हांला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर गुरुजींचे स्मरण होते.

गुरुजींचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. बालपणीच मातृछत्र हरपले. वडील कारकून, त्यांना फलज्योतिषाची आवड होती. त्यातील आकडेमोडीची गोडी मुलाला लागली. पुढे अंकांचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला, तो मात्र अंकांच्या परस्परांतील नात्यांसाठी. ठाण्यातील शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली. पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळाशिक्षक म्हणून सेवा केली.

याच काळात, १९४९ साली, त्यांना ६१७४ या संख्येचे रहस्य उमगले. धम्मदीक्षेचे वर्ष १९५६ घेऊन पाहू. त्यातील अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९६५१ आणि चढत्या क्रमाने मांडले की १५६९. वजाबाकी ८०८२. पुन्हा तीच कृती केली की ८८२० वजा ०२८८, म्हणजे ८५३२. आणखी एकदा केली की ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा वजाबाकी करा, उत्तर ६१७४ हेच. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती येथेच पोहोचते.

शिक्षकाच्या दृष्टीने या खेळाचे मोल मोठे आहे. हातच्याच्या वजाबाकीला कंटाळणारे मूल येथे स्वखुशीने पाच-सहा वजाबाक्या करते. सात पायऱ्यांत ६१७४ हाती लागले नाही, तर मूल स्वतःच मागे जाऊन चूक शोधते. गुरुजींच्या हर्षद संख्याही अशाच. संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो का, हे पाहताना भागाकाराचा सराव आपोआप होतो. वरच्या इयत्तेसाठी ४५ घ्यावे. त्याचा वर्ग २०२५. आणि २० अधिक २५ पुन्हा ४५.

एका शाळामास्तराच्या या कामाला येथील काही विद्वानांनी क्षुल्लक लेखले. पुढे १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि गुरुजींचे नाव जगभर पोहोचले. निवृत्तिवेतन तुटपुंजे असल्याने उतारवयातही त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. अंकांचा छंद मात्र १९८६ साली झालेल्या निधनापर्यंत सुटला नाही.

तथागतांच्या धम्माला एहिपस्सिक म्हटले जाते. ये आणि स्वतः पाहा, असे आवाहन त्यात आहे. गुरुजींचे गणित आम्हांला त्या वाटेने जाणारे वाटते. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. पाटी आणि खडू घेऊन चौथीतील मुलगीही पडताळा घेऊ शकते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरही नाकारले गेले, त्यांच्या लेकरांना स्वतः तपासून खरे ठरविण्याचा हा अनुभव लहानपणीच मिळाला पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की वसतिगृहाला भेट द्याल तेव्हा खाऊबरोबर अंकांचा एखादा खेळही आणा आणि मुलांसोबत तासभर बसा. पालकांनीही आपल्या लेकरांकडून हा ६१७४ चा खेळ एकदा शिकून घ्यावा.

गणितानंद कापरेकर गुरुजींच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!