कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, जन्म : इंदूर, १८ जून १९११, मृत्यू : दिल्ली, १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. केंब्रिज विद्यापीठातून विज्ञान शाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन असते, हे त्यांनी दाखवून दिले.

शिक्षण

कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा त्या सर्वप्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. तरीही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, त्या स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हा नकार मानला नाही. अखेरीस पहिल्या वर्षी नियमित विद्यार्थिनी न मानण्यासारख्या जाचक अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून त्यांनी १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळवली. त्यांचे काम पाहून रामन यांनी संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींसाठीही खुले केले.

केंब्रिजमधील संशोधन

सायटोक्रोममध्ये लोह असते. इलेक्ट्रॉन घेताना व देताना त्या लोहाची अवस्था बदलते आणि त्याबरोबर प्रथिनाने शोषलेल्या प्रकाशाचे पट्टेही बदलतात. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये वर्णपटदर्शकाने हे पट्टे ओळखले होते. केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्यासमवेत बटाट्याच्या पेशींचा अभ्यास करताना कमलाबाईंना वनस्पतींतील सायटोक्रोम सी आढळले. सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

भारतातील कार्य

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे नीरेतील जीवनसत्त्वे व लोह कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवतींना उपयुक्त ठरतात, हे त्यांच्या संशोधनातून दिसून आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना विलंबाने मिळाले. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढे त्यांनी ग्राहक चळवळीत काम केले. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आयोजित केलेल्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.

सायटोक्रोम सी आणि रोगनिदान

पेशीच्या नियोजित मृत्यूच्या वेळी सायटोक्रोम सी तंतुकणिकांतून बाहेर पडते. म्हणून पेशींच्या हानीचा जैवदर्शक म्हणून त्याचे मापन केले जाते. असे जैवदर्शक टिपण्यासाठी प्रकाशावर चालणारे विद्युत्-रासायनिक संवेदक वापरता येतात. त्यांत टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धसंवाहकाचा लेप दिलेल्या विद्युदग्रावर प्रकाश टाकला जातो. प्रकाशाने इलेक्ट्रॉन मुक्त होऊन विद्युत्प्रवाह वाहतो. विद्युदग्रावर बसवलेल्या प्रतिपिंडाला जैवदर्शक चिकटला, की हा प्रवाह कमी किंवा जास्त होतो आणि त्या फरकावरून जैवदर्शकाचे प्रमाण ठरवतात. असे संवेदक हा कमलाबाईंच्या संशोधनाचा विषय नव्हता. त्यांनी बटाट्याच्या पेशीत अभ्यासला तो सजीवांतील इलेक्ट्रॉनांचा प्रवास.