बाबासाहेबांचे दुखरे पाय आणि दिल्लीची थंडी

परमपूज्य बाबासाहेबांनी घटना लिहिली ती मधुमेह सोसत. पाय रात्र-रात्र ठणकायचे. १५ एप्रिल १९४८ ला लग्न झाले आणि इन्सुलिन, पथ्यपाणी माईसाहेबांनी हाती घेतले. रत्तू पायांना तेल चोळीत. पण दिल्लीचे हवामान कोण आवरणार? उन्हाळ्यात लू, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. आम्ही साचेखात्यातल्या वाफेतून पहाटवाऱ्यात बाहेर पडणारी माणसं. अंग कसं धरतं ते आम्हाला विचारा!

१४ ऑक्टोबर १९५६ ला ते नागपुरात काठी टेकत उभे राहिले. नोव्हेंबरात तशाच पायांनी काठमांडूच्या डोंगरी गारठ्यात बौद्ध परिषदेला गेले. परतले ते दिल्लीच्या थंडीतच. ५ डिसेंबरच्या रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना तपासायला उशाशी घेतली. सकाळी ते उठले नाहीत.