नाव सुगरण, पण खोपा विणतो नर! सलीम अलींनी किहीमला उलगडलेला संसार

सुगरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खोपा विणणारी मादी येते. खरं तर खोपा विणतो नर. या पक्ष्याच्या संसाराचा नीट उलगडा केला तो डॉ. सलीम अलींनी, तेही हातात नोकरी नसताना.

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत जन्मलेले सलीम लहानपणीच पोरके झाले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना खेतवाडीत वाढवलं. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीचं नाव शोधताना ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पोहोचले आणि पक्ष्यांचेच झाले.

पुढे म्युझियममध्ये गाईडची नोकरी मिळाली. बर्लिनला शिकून १९३० मध्ये परतले, तर पैशांअभावी ते पदच रद्द झालेलं! मग पत्नी तेहमिनांसह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. पावसाळ्यात तिथे सुगरणींची वसाहत भरली आणि ते रोज निरीक्षण करू लागले.

त्यांना काय दिसलं? नर अर्धा खोपा विणतो. माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला की नर तो पूर्ण करतो, मादी अंडी घालते आणि एकटीच उबवते. नर लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ मध्ये हे निरीक्षण सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं.

पण नराला इतकी मोकळीक मिळते कशी? उत्तर खाण्यात आहे. १९६४ मध्ये ब्रिटिश संशोधक जॉन क्रूक यांनी या कुळातल्या अनेक जातींची तुलना केली. जंगलात किडे खाणाऱ्या जाती बहुतेक जोडीने राहतात. तिथे अन्न विखुरलेलं असतं, त्यामुळे पिल्लं वाढवायला दोघं लागतात. गवताळ भागात बिया खाणाऱ्या जाती मात्र थव्याने राहतात. हंगामात अन्न मुबलक असल्याने मादी एकटी पिल्लं वाढवू शकते. आपली सुगरण यातलीच. पावसात गवत वाढतं, दाणे भरतात, पिल्लांना भरवायला किडेही मिळतात. म्हणूनच तिची वीण पावसाळ्यात.

सलीम अली पुढे वांद्र्याच्या पाली हिलवर राहिले. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ ला ते गेले.

उपनगरात पाणथळ, गवताळ जागेवर भराव पडतो, तेव्हा झाड वाचलं तरी सुगरणीचं ताट जातं. आणि ताट गेलं की खोपाही विणला जात नाही.