मैदान झाडणारा पोरगा इंग्लंड गाजवून आला, पण कर्णधारपद काही मिळालं नाही! वाचा, बाळू पालवणकर यांची जीवनकहाणी

भाताची काढणी उरकली की आपल्या मावळात गावोगावी क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. टेनिस बॉल, मांडव, स्पीकरवर कॉमेंट्री आणि कुणाच्या तरी नावाचा चषक. पोरं सचिनपासून रोहितपर्यंत सगळ्यांचे आकडे तोंडपाठ सांगतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच पुण्यात मैदान झाडता झाडता एक पोरगा हिंदुस्थानचा पहिला मोठा गोलंदाज झाला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांचं नाव बाळू पालवणकर. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ते पी. बाळू म्हणून सापडतात.

महिना ३ रुपये पगार

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घर चर्मकार समाजातलं, वडील लष्करात नोकरीला. वडिलांच्या नोकरीमुळं कुटुंब पुण्यात आलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

पहिली नोकरी पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात लागली. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि मेंबर लोकांना अधूनमधून बॉलिंग टाकायची. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले, तिथं ४ रुपये मिळू लागले. खेळपट्टी आखायची, जाळी बांधायची, टेनिसचं मैदान तयार करायचं, ही सगळी कामं त्यांच्याकडं.

तिथंच ग्रेग नावाचा एक इंग्रज फलंदाज सरावाला यायचा. तो त्या काळातला नावाजलेला खेळाडू. बाळूंनी त्याला तासन्‌तास बॉलिंग टाकली. बाळूनं आउट केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे बक्षीस द्यायचा, असं सांगतात. डाव्या हातानं संथ फिरकी, चेंडू दोन्हीकडं वळवायचा आणि वेग गुपचूप कमी-जास्त करायचा, ही कला याच जाळीत तयार झाली. पण बॅट मात्र क्लबात कुणी त्यांच्या हाती दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि घाम नोकरानं गाळायचा, असा तिथला रिवाज होता.

चेंडूला विटाळ नाही, कपाला विटाळ

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला इंग्रजांना हरवायचं होतं. बाळूंची ख्याती त्यांच्या कानावर होती. घ्यावं की नाही यावर खूप खल झाला. काहींचा विरोध होता, काही ठाम पाठीशी उभे राहिले. शेवटी सामना जिंकायचा होता, म्हणून बाळू संघात आले.

मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत बसून कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणाचं ताटही वेगळं. एवढं सोसूनही ते विकेट काढत राहिले आणि संघ जिंकत राहिला. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. एकत्र खेळता तर एकत्र बसून जेवायलाही हरकत नको, असं त्यांनी खेळाडूंना सुनावलं. हळूहळू चाल थोडी बदलली.

पुणे-मुंबई रेल्वे तेव्हाही आपल्या लोणावळा-खंडाळ्याच्या घाटातूनच जायची. १८९६ नंतर प्लेगची साथ पसरली, त्या काळात बाळू पुणे सोडून मुंबईला गेले. तिथं रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात जागाही मिळाली. शिवरामही सोबत आले. पुढं विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही मोठ्या सामन्यांत उतरले.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघानं इंग्रजांच्या संघाला १०९ धावांनी हरवलं. राज्य त्यांचं, खेळ त्यांचा आणि हार पण त्यांचीच! या विजयात बाळूंच्या फिरकीचा वाटा मोठा होता. देशभर त्याची चर्चा झाली.

इंग्लंडचा दौरा

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळू चमकले. तेव्हा त्यांचं वय ३५, त्यात खांदा दुखत होता. तरी दौऱ्यात त्यांनी एकूण ११४ विकेट घेतल्या, त्यातल्या ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. आख्ख्या कारकिर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ विकेट, सरासरी १५ च्या आसपास. आजच्या गोलंदाजालाही हेवा वाटावा असे हे आकडे आहेत.

कर्णधारपदाचा झगडा

एवढा मोठा खेळाडू, मग कर्णधार का नाही? हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. वर्षामागून वर्षं गेली, दर वेळी नाव दुसऱ्याचंच आलं. बाळूंनी विकेट काढलेली चालायची, पण त्यांनी हुकूम सोडायचा आणि वरच्या जातीच्या खेळाडूंनी तो ऐकायचा, हे पुढाऱ्यांच्या पचनी पडत नव्हतं.

१९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळलं. मग शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळायला नकार दिला आणि जाहीरपणे निषेध केला. लोकही त्यांच्या बाजूनं बोलू लागले. निवड करणाऱ्यांना माघार घ्यावी लागली. पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार झाले. कर्णधार काही वेळ मैदानाबाहेर गेला, तेवढ्यापुरती सूत्रं त्यांच्या हाती आली. बस, एवढंच.

पण तो झगडा वाया गेला नाही. १९२३ साली धाकटे विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी इंग्रजांना हरवून दाखवलं. थोरल्याला जे मिळालं नाही, ते धाकट्यानं मिळवलं.

मैदानानंतर

बाळू त्या काळी दलित समाजाचा अभिमान होते. तरुण आंबेडकरांनाही त्यांचं मोठं कौतुक होतं. पुढं मात्र राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला, त्या वाटाघाटींत बाळू होते. ते गांधीजींच्या बाजूनं झुकलेले होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईत थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. समाजानं कौल बाबासाहेबांना दिला. या एका निवडणुकीमुळं बाळूंची मैदानावरची कमाई झाकोळून जाऊ नये.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचं निधन झालं.

ज्या जिल्ह्यात ते बॉलिंग शिकले, तिथं आज शेकडो स्पर्धा भरतात. प्रत्येक स्पर्धेत शेवटी उत्कृष्ट गोलंदाजाला ट्रॉफी मिळते. मावळातल्या मंडळांनी यंदा त्या ट्रॉफीला बाळू पालवणकरांचं नाव द्यावं. खर्च एका पाटीचा, पण ट्रॉफी घेणारा पोरगा घरी जाऊन विचारेल की हे बाळू कोण होते. आणि हो, सामन्याआधी पहाटे उठून मैदान झाडणारा, खेळपट्टीवर पाणी मारणारा जो पोरगा असतो ना, त्यालाही एकदा बॉलिंग टाकायला सांगा.