दगडाच्या पापुद्र्यातले आकाश

शेफील्ड हे इंग्लंडमधले सुऱ्या-कात्र्यांचे गाव. तिथल्या हत्यारे बनवणाऱ्या एका सधन घराण्यात १८२६ साली हेन्री क्लिफ्टन सॉर्बी जन्मला. १८४७ मध्ये वडील गेले आणि ऐन तारुण्यात वारशाचा पैसा हाती आला. त्याने धंदा वाढवला नाही, लग्न केले नाही. आईला सांभाळले आणि घरातच प्रयोगशाळा थाटली. मी बँकेत वारसा वाढवणारे पाहिले, उधळणारेही पाहिले. त्या पैशातून निवांत वेळ विकत घेणारा मात्र विरळाच.

या वेळाचे त्याने काय केले? दगड घासले. १८४९ च्या सुमारास तो खडकाचे काप काचेवर चिकटवून इतके पातळ करू लागला, की त्यातून उजेड आरपार जावा. आज अशा कापाची जाडी ०.०३ मिलिमीटर ठेवतात. डोंगर काय सूक्ष्मदर्शकातून पाहायचे असतात, असे म्हणून पंडित हसले. सॉर्बी घासत राहिला.

१८६० नंतर त्याने उल्कापाषाण हाती घेतले. दगड आकाशातून पडतात हे तोवर मान्य झाले होते. त्यांत कोणती द्रव्ये असतात हे रसायनशास्त्राने सांगितले होते. पण ते घडले कसे? त्यांतल्या बारीक गोल दाण्यांवरून बर्लिनच्या गुस्टाव्ह रोझने त्यांना कॉन्ड्राइट हे नाव दिले. सॉर्बीने त्या दाण्यांच्या पोटात पाहिले. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिनचे स्फटिक होते, त्यांच्या मधे काच होती. काच म्हणजे वितळलेला रस झपाट्याने निवल्याची खूण. गोलाई म्हणजे तो रस मोकळा तरंगत असल्याची खूण. काही दाणे तर दगडात बसण्यापूर्वीच फुटलेले. म्हणजे आधी थेंब आणि मग दगड! सूर्याच्या पृष्ठभागाजवळ असते तशी उष्णता एके काळी फार दूरवर पसरली असावी, असा तर्क त्याने १८७७ मध्ये मांडला. ती उष्णता कशाची, यावर आजही एकमत नाही. थेंब मात्र खरे ठरले. त्यांचे वय साडेचार अब्ज वर्षांहून अधिक आहे.

आजचे वर्गीकरण त्याच पाहण्यावर उभे आहे. व्हॅन श्मुस आणि वुड यांनी १९६७ मध्ये ते पक्के केले. सामान्य कॉन्ड्राइटमध्ये लोहाच्या प्रमाणावरून एच, एल आणि एलएल हे गट पडतात. पोतावरून ३ ते ६ हे अंक. दाणे रेखीव असतील तर ३. मूळ खगोलाच्या पोटातल्या उष्णतेने त्यांच्या कडा विरघळून आसपासच्या स्फटिकांत मिसळल्या असतील तर ६. गुजरातेत धजाळा येथे २८ जानेवारी १९७६ रोजी पडलेला पाषाण एच गटातला, तिसऱ्या प्रकारचा. त्याचे दाणे अजून ओळखू येतात. कादंबरी लिहिणाऱ्या मला ही पद्धत फार पटते. माणूसही कशाचा बनला यापेक्षा किती तापला आणि तरी किती शिल्लक राहिला, यावरूनच ओळखावा.

उल्केतले लोखंड समजावे म्हणून सॉर्बीने कारखान्यातले पोलाद तपासले आणि १८६३-६४ मध्ये त्याची अंतर्रचना पाहिली. ज्या गावाचे पोट पोलादावर, त्या गावाने जवळजवळ वीस वर्षे तिकडे लक्ष दिले नाही. त्याने कुरकुर केली नाही. १८८० च्या दशकात तेच काम पुन्हा, अधिक बारकाईने मांडले. १९०८ मध्ये तो गेला. त्याच्या पैशातून शेफील्डच्या विद्यापीठात भूशास्त्राचे अध्यासन उभे राहिले. धंद्यातून आलेला वारसा असा पाहणाऱ्यांच्या पुढच्या पिढीकडे गेला.